वंशसंहारांची तुलना आणि भिवंडीचा अनुभव

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वंशसंहारासारखा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. महोत्सवात जीर्णोद्धार, पाठशाळा, औषधोपचार आणि चातुर्मास यांचा आढावा घेतला जातो, आणि तो घेतला जावाच. परंतु भिवंडीच्या अलीकडच्या इतिहासाचा हिशोब मांडताना मे १९७० आणि मे १९८४ ही दोन पाने वहीतून फाडून टाकता येत नाहीत. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी ती पाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहेत. कोणी गच्चीवरून धूर पाहिला, कोणाच्या पेढीवरचे सूत जळाले, कोणी शेजाऱ्याला घरात घेतले आणि कोणी दार लावून घेतले. जगात इतरत्र जे घडले ते या अनुभवाशेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. विषयाचे प्रयोजन एवढेच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. भिवंडीत जे घडले त्याला वंशसंहार म्हणता येणार नाही. एखाद्या समूहाला पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसे करण्याची राज्यसत्तेची योजना तेथे नव्हती. शब्द सैल वापरले की ते निकामी होतात, आणि हा शब्द तर फार मोठी किंमत मोजून घडवला गेला आहे. तथापि दंगल आणि वंशसंहार यांच्यातील अंतर मोठे असले, तरी त्यांच्या पहिल्या काही पायऱ्या एकसारख्या असतात. तुलना करायची ती त्या पायऱ्यांची.

हा शब्द घडवणारा मनुष्य होता राफाएल लेमकिन. सन १९०० मध्ये जन्मलेला हा पोलिश ज्यू कायदेपंडित विद्यार्थिदशेत असताना बर्लिनमध्ये एक खटला गाजला. तुर्कस्तानचा माजी मंत्री तलात पाशा याला १९२१ साली एका आर्मेनियन तरुणाने गोळी घातली होती. एका माणसाला मारणाऱ्यावर खटला चालतो, मग लाखो आर्मेनियनांना मारवणाऱ्या तलातवर तो का चालला नाही, हा प्रश्न लेमकिनने आपल्या प्राध्यापकांपुढे ठेवला. राज्य आपल्या प्रजेशी कसे वागते यात बाहेरच्यांनी पडायचे नसते, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. त्या उत्तराने तो अस्वस्थ झाला आणि आयुष्यभर अस्वस्थच राहिला. पुढे नाझींच्या हातून त्याचे सुमारे पन्नास आप्त मारले गेले. वंश या अर्थाचा ग्रीक शब्द आणि वध या अर्थाचा लॅटिन शब्द जोडून त्याने १९४४ साली ‘जेनोसाइड’ हा शब्द प्रचारात आणला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यासंबंधीचा करार संमत केला. भारताने १९५९ साली त्या कराराला मान्यता दिली. मात्र त्यानुसार देशात स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडासंबंधी डिसेंबर २०१८ मध्ये निकाल देताना ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवून दिली.

मराठी वृत्तपत्रे या शब्दासाठी कधी ‘नरसंहार’, कधी ‘हत्याकांड’ असे लिहितात. दोन्ही शब्द अपुरे आहेत. हत्याकांडात माणसे मरतात. वंशसंहारात ती अमुक समूहात जन्मली म्हणून मारली जातात, आणि उद्देश त्या समूहाच्या नाशाचा असतो. म्हणून करारात केवळ हत्येचा उल्लेख नाही. गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, जगणेच अशक्य व्हावे अशी परिस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुले हिरावून दुसऱ्या समूहात घालणे, या गोष्टीही त्यात मोडतात. या सर्वांचा गाभा एकच आहे व तो म्हणजे संकल्प. समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा संकल्प सिद्ध झाला, तरच हा गुन्हा सिद्ध होतो.

जैन श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत आणि गृहस्थाला प्रथमतः त्याज्य ठरवली ती संकल्पी हिंसा. चूल पेटवताना, शेत नांगरताना किंवा व्यापार करताना घडणारी हिंसा टाळणे अवघड असते. ठरवून केलेल्या हिंसेला मात्र सबब नाही. तत्त्वार्थसूत्रात याहून सूक्ष्म विचार आहे. संरंभ, समारंभ आणि आरंभ या तीन अवस्था, मन-वचन-काया हे तीन योग, कृत-कारित-अनुमत हे तीन प्रकार आणि क्रोध-मान-माया-लोभ हे चार कषाय यांचा गुणाकार होऊन एकशे आठ भेद होतात. जपमाळेच्या मण्यांचा संबंध अनेक जण या संख्येशी जोडतात. एका प्रचलित अर्थानुसार संरंभ म्हणजे करण्याचा निश्चय, समारंभ म्हणजे त्यासाठी साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. ही मांडणी आत्म्याच्या बंधासंबंधी आहे, न्यायालयासाठी नव्हे, याचे भान ठेवले पाहिजे. तरीही विसाव्या शतकातील संहार समजून घेण्यासाठी तिचा उपयोग होतो, कारण जग बहुधा आरंभाच्या दिवशी जागे होते आणि तोवर संरंभ व समारंभ होऊन गेलेले असतात.

रवांडाचे उदाहरण घ्यावे. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. साथ न देणारे हुतूही होते. आफ्रिकेतील जुन्या टोळीवैराचा अकस्मात भडका, असे त्याचे वर्णन तेव्हा झाले. वस्तुस्थिती निराळी होती. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापून ठेवले होते. साठ वर्षांनंतर रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र जगणे-मरणे ठरवू लागले. जुलै १९९३ मध्ये एक नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते लोकप्रिय गाणी वाजवी आणि मधून मधून तुत्सींना झुरळे म्हणे. त्याच वर्षी कोयत्यांची मोठी आयात झाली. तरुणांच्या टोळ्यांना शिक्षण दिले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला तार पाठवून शस्त्रसाठ्यांची आणि तुत्सींच्या याद्यांची माहिती कळवली. त्यांना छापा घालण्याची परवानगी मिळाली नाही. संहार चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने ती शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. याहून लाजिरवाणा ठराव त्या परिषदेच्या दप्तरात क्वचितच असेल.

जर्मनीत समारंभाचे काम कचेऱ्यांतून झाले. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथील एका सरोवरकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी दीडेक तास बसले. युरोपातील ज्यूंना नष्ट करण्याच्या कामात कोणत्या खात्याने काय करायचे, हे त्या बैठकीत ठरले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट घेतलेले होते. शिक्षणाने मनुष्य आपोआप सज्जन होतो, या समजुतीला त्या बैठकीने कायमचा तडा दिला. एकूण साठ लाख ज्यू मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर रोमा लोक, अपंग व मनोरुग्णही. आर्मेनियनांच्या बाबतीत २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमधील लेखक, वकील आणि पुढारी यांना पकडण्यात आले व नंतर गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. त्याही आधी, १९०४ साली, आजच्या नामिबियात जर्मन सेनापती फॉन ट्रोथा याने हेरेरो लोकांच्या संहाराची लेखी आज्ञा काढली होती. जर्मनीने त्याला वंशसंहार म्हणून अधिकृतपणे मान्यता दिली ती २०२१ मध्ये, म्हणजे एकशे सतरा वर्षांनी.

कंबोडियाचा प्रश्न वेगळा आहे. १९७५ ते १९७९ या काळात तेथे सतरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, श्रमाने आणि देहदंडाने मेली. पण मारणारे आणि मरणारे बहुतांशी एकाच ख्मेर वंशाचे होते. राजकीय मतांमुळे झालेल्या हत्या करारात बसत नाहीत. त्यामुळे तेथील न्यायालयाने २०१८ मध्ये वंशसंहाराचा दोष ठेवला तो मुख्यतः व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम अल्पसंख्याकांबाबत. बाकीच्या लाखो मृतांसाठी कायद्याला दुसरी नावे शोधावी लागली. त्यांच्या आप्तांना या फरकाचे काय समाधान वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता कषायांचा विचार करू. सामान्य समजूत अशी की एवढी हिंसा क्रोधातून होते. अभ्यास करताना मात्र क्रोधाचा वाटा सर्वांत लहान दिसतो. क्रोध लवकर थकतो, आणि शंभर दिवस किंवा चार वर्षे चालणारे काम क्रोधावर चालत नाही. मान, म्हणजे आपला वंश श्रेष्ठ हा अहंकार, अधिक टिकतो. माया, म्हणजे कपट, तर सर्वत्र आहे. तुर्कस्तानात हाकलण्याला ‘स्थलांतर’ म्हटले गेले, जर्मनीत मारण्याला ‘अंतिम उपाय’ म्हटले गेले, रवांडात सकाळी कोयते घेऊन निघणाऱ्यांना ‘कामाला’ जाण्यास सांगितले गेले. आणि लोभ? व्यापारी समाजाने याकडे विशेष लक्ष द्यावे. तुर्कस्तानात १९१५ सालीच हाकललेल्या आर्मेनियनांच्या घरादारांसाठी ‘बेवारस मालमत्ते’चा कायदा करण्यात आला. जर्मनीत नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि नंतर ज्यू समाजालाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. हॅम्बुर्गमध्ये हद्दपार ज्यूंच्या सामानाचे जाहीर लिलाव होत. तेथे पलंग, चादरी आणि मुलांचे कपडे विकत घेणारे कोणी राक्षस नव्हते. स्वस्तात माल मिळतो म्हणून आलेले ते सामान्य गृहस्थ होते. त्यांनी कोणाला मारले नव्हते. माल कोणाचा, हे मात्र त्यांना ठाऊक होते.

येथे कृत, कारित आणि अनुमत हा भेद आठवतो. न्यूरेंबर्गच्या खटल्यात युलियस श्ट्रायशर याला १९४६ साली फाशी झाली. त्याने स्वतःच्या हाताने कोणाला मारल्याचा आरोप नव्हता. वर्षानुवर्षे ज्यूद्वेषाचे साप्ताहिक चालवून त्याने संहाराला मनोभूमी तयार करून दिली, हा त्याचा दोष. रवांडाच्या नभोवाणीच्या चालकांपैकी एक फर्डिनांड नाहिमाना हा विद्यापीठात इतिहास शिकवणारा प्राध्यापक होता. डिसेंबर २००३ मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवताना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने शब्दांनाही शस्त्रांच्या पंगतीत बसवले. वचनाने केलेली हिंसा कायद्याने ओळखली ती इतक्या उशिरा.

ही सर्व चर्चा दूरदेशची झाली. आता भिवंडीकडे यावे.

सूत, माग आणि कापड यांवर जगणारे हे शहर. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी येथे हातमाग आणले. पुढे यंत्रमाग आले. सूत पुरवणारे, बीम भरणारे, माग चालवणारे, ग्रे कापड उचलणारे आणि ते मुंबईच्या बाजारात पोहोचवणारे, या साखळीत हिंदू, मुस्लिम आणि जैन एकमेकांत विणलेले आहेत. असे असूनही येथे दोनदा रक्त सांडले.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाड येथे पोहोचले. तिन्ही ठिकाणी मिळून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुस्लिमांची संख्या फार मोठी होती. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची विस्तृत चौकशी केली. त्या अहवालाचे मोल असे की तो ७ मेपासून सुरू होत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासून मिरवणुकीत मशिदीसमोर काय घडू लागले, गुलाल कोठे उधळला जाऊ लागला, कोणत्या घोषणा वाढल्या, दोन्ही बाजूंच्या आक्रमक संघटनांनी ताण कसा चढवत नेला, हे तो वर्षानुवर्षे मागे जाऊन पाहतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर आयोगाने आरंभाऐवजी संरंभ आणि समारंभ शोधले. मिरवणुकीच्या संघटकांवर त्याने मुख्य जबाबदारी ठेवली आणि पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर, तसेच नंतरच्या तपासावरही, कठोर ताशेरे ओढले. एवढा स्पष्ट अहवाल हाती असताना चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. ठाणे आणि मुंबईसह या वेळी अडीचशेहून अधिक बळी गेले. अन्सारी बागेत आश्रयाला जमलेल्या माणसांना जाळून मारण्यात आले. ते नाव उच्चारताना आजही जुन्या माणसांचा आवाज खाली जातो.

अहवाल दप्तरात ठेवल्याने दंगल थांबत नाही, आणि अहवाल दडवल्याने स्मृती थांबत नाही. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद कारवाईनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे घडले त्याचा अहवाल पंडित सुंदरलाल यांच्या समितीने दिला होता. रझाकारांनी आधी हिंदू गावांवर केलेले अत्याचार खरे होते. त्यानंतर सूड म्हणून मुस्लिमांची झालेली कत्तलही खरी होती. समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृतांचा होता आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे होती. तो अहवाल प्रसिद्ध केला गेला नाही. अभ्यासकांना तो उघडपणे पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास. तोपर्यंत दोन्ही बाजूंची घरे आपापली अर्धी गोष्ट पुढच्या पिढीला सांगत राहिली. तुर्कस्तानने आर्मेनियनांच्या बाबतीत जे शतकभर केले त्याच्याशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, पण अर्धी गोष्ट सांगण्याची सवय तीच आहे. अनेकांतवाद मानणाऱ्यांना तरी ती शोभत नाही.

संहारांची तुलना करणारे बहुधा प्रेतांची संख्या मोजतात. अमक्या ठिकाणी साठ लाख, तमक्या ठिकाणी आठ लाख, मग दुःख कोणाचे मोठे? या मोजणीतून स्पर्धेखेरीज फारसे काही निघत नाही. जेथे घडले आणि जेथे घडू शकत असूनही घडले नाही, अशा दोन ठिकाणांची तुलना केली तर मात्र हाती काही लागते.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड आणि डेन्मार्क हे दोन्ही देश जर्मनांच्या ताब्यात होते. हॉलंडमधील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी जवळपास पाऊण भाग मारला गेला. तेथील नोंदणी इतकी चोख होती की पत्ते शोधावे लागले नाहीत. डेन्मार्कमध्ये सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस डुकविट्झ नावाच्या एका जर्मन अधिकाऱ्यानेच येणाऱ्या धरपकडीची बातमी फोडली. मग कोळी, डॉक्टर, पाद्री, शिक्षक आणि कित्येक पोलीस कामाला लागले. ऑक्टोबरमध्ये सात हजारांहून अधिक ज्यू होड्यांतून स्वीडनला पोहोचले. (तेथील राजाने स्वतः पिवळा तारा लावला ही लोकप्रिय कथा खरी नाही. खऱ्या घटनेला त्या अलंकाराची गरजही नाही.) अर्थात एकच कारण सांगून मोकळे होणे चुकीचे ठरेल. डेन्मार्कमध्ये ज्यूंची संख्या थोडी होती, स्वीडन समोरच होते, जर्मनांची राजवटही तेथे तुलनेने सैल होती. या सर्व गोष्टी मान्य करूनही एक फरक उरतो. डेन्मार्कमध्ये ज्यू शेजाऱ्याला ‘ते’ असे कोणी म्हणत नव्हते. आपल्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली लोक शतकानुशतके तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, मराठी बोलत राहिले आणि कोणी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही, तो याच जातीचा अनुभव आहे.

भिवंडीत तर अशी तुलना एकाच शहराच्या दोन काळांत करता येते, आणि असा योग अभ्यासकांना क्वचित लाभतो. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. शांतता समित्या पूर्वीही होत्या. तणाव वाढला की पुढाऱ्यांना चहाला बोलवायचे, छायाचित्र घ्यायचे आणि निवेदन छापायचे, अशी त्यांची रीत होती. नव्या समित्या वस्तीवार होत्या, संख्येने सुमारे सत्तर. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली गेली. मागावरचा कामगार, दुकानदार, रिक्षावाला, शिक्षक असे लोक त्यांत होते. बैठका दंगलीची वाट पाहत नसत. नळाचे पाणी, गटार, ध्वनिक्षेपक, पोरांची भांडणे, भाडेकरूचा तंटा असे विषय तेथे येत आणि चौकीतला हवालदार त्या माणसांना नावाने ओळखू लागे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण अफवा पसरते तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस असावा लागतो, आणि ती ओळख अफवेच्या रात्री करून घेता येत नाही.

६ डिसेंबर १९९२ नंतर याची परीक्षा झाली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत जळली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार तेथे नऊशे माणसे मेली. भिवंडी मुंबईच्या दाराशी, दोन मोठ्या दंगलींचा डाग लागलेली, सर्वांनी आधीच पेटणार म्हणून गृहीत धरलेली. ती पेटली नाही. तेव्हा पोलीस उपायुक्त असलेले गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम पुढे चालवले होते. समित्यांची माणसे रात्री आपापल्या मोहल्ल्यात उभी राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर जे मराठी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच मुंबई जळाली असता भिवंडी का जळाली नाही असा प्रश्न आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संघर्षावरील आपल्या २००२ सालच्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. मुंबईत १९९४ मध्ये मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

येथे व्यापारी बंधूंनी एका मुद्द्यावर थांबावे. आपल्यात असे नेहमी म्हटले जाते की धंद्याचे संबंध असले की भांडण होत नाही. भिवंडीचा इतिहास हे म्हणणे पूर्णपणे मान्य करत नाही. सूत आणि कापड यांचे संबंध १९७० मध्ये होते, १९८४ मध्येही होते, तरी माणसे मारली गेली. देणेघेणे एका पेढीला दुसऱ्या कारखान्याशी बांधते. ते गल्लीला गल्लीशी बांधत नाही. शिवाय लोभ दोन्ही बाजूंना काम करतो, कारण स्पर्धकाचे माग जळाले तर कोणाचे तरी काम वाढते. १९८४ आणि १९९२ यांच्यामध्ये जे नवे आले ते व्यापाराबाहेरचे होते. महिन्यातून काही वेळा, कोणताही सौदा नसताना, एकत्र बसण्याची जागा निर्माण झाली. पोलिसांचा कडकपणा आणि १९८४ च्या होरपळीची आठवण हीसुद्धा कारणे होती व ती नाकारू नयेत.

या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अधिकारी बदलले की बैठका विरळ होतात, नोंदवही उघडली जात नाही आणि समितीत पुन्हा पुढारी शिरतात. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानाजवळ बांधल्या जाणाऱ्या पोलीस ठाण्याच्या वादातून भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्या रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार केले. ती घटना भयंकर होती. तिचे रूपांतर १९७० किंवा १९८४ प्रमाणे हिंदू आणि मुस्लिम वस्त्यांमधील दंगलीत मात्र झाले नाही. त्या आठवड्यात शहरातील अनेक गल्ल्यांत जुन्या समित्यांमधली पांढऱ्या केसांची माणसे, कोणी बोलावले नसताना, नाक्यावर खुर्च्या टाकून बसली असतील, तर भिवंडीकरांना त्यात नवल वाटणार नाही. त्यांपैकी काही जण या ट्रस्टच्या दवाखान्यात औषधाला येतात आणि काही जण आज या सभागृहात बसले आहेत.